हबीबचं पोतं

"भाऊ, सर गेले," एवढंच भाभी फोनवर म्हणाल्या. आणि खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला हबीबच्या शेडमधलं ते पोतं आठवलं...

हबीब घाटंजीच्या वेल्डिंगवाल्या अब्बांचा मुलगा, माझा शाळेपासूनचा मित्र. यवतमाळला तो पेटंटचा कायदा शिकवायचा. गावच्या कारागिरांचे शोध त्यांच्या नावावर का राहत नाहीत, यावर त्याचं सारं संशोधन. माणूस विद्वान, पण संशयी किती! मी फाटक उघडलं की शेडमधल्या बाकावरच्या वस्तूवर आधी पोतं ओढणार, मग "ये" म्हणणार. मला त्याचा फार राग येई.

मूळ जुनं होतं. अब्बांनी वेचणीनंतर उरलेली कापसाची झाडं, म्हणजे पऱ्हाटी, उपटायचा चिमटा बनवला होता. वाळलेली पऱ्हाटीही त्यातून निसटत नसे. कौतुकानं त्यांनी तो आठवडी बाजारात मांडला. शहरातून आलेल्या एका माणसानं चौकशी केली, तर अब्बांनी त्याला चहा पाजून दाते कसे घासायचे तेही समजावलं. पुढच्या हंगामात तसेच चिमटे कारखान्यातून दुकानांत आले. अब्बा पेटंटचं विचारायला गेले तेव्हा कळलं, आधीच बाजारात दाखवलेली वस्तू कायदा नवी मानत नाही. हबीब कायद्याकडे वळला तो तिथूनच.

त्या बाजाराच्या दिवशी त्याच शहरी माणसानं मला बसस्टँडचा रस्ता विचारला होता. आम्हाला हसत बोलताना हबीबनं पाहिलं. त्यानं कधी काही विचारलं नाही... पण एकदा मी त्याच्या वर्गात मागे बसलो होतो. तो पोरांना म्हणाला, "शोध चोर नेत नाही रे, ओळखीचा माणूस वाट दाखवते." बोलताना नजर माझ्यावर होती, असं मी आजवर धरून चाललो.

परवा भाभींना भेटायला गेलो. शेडमध्ये पोतं तसंच. राहवलं नाही, विचारलंच, "भाभी, तो माह्यापासूनच काहून झाकत होता?"

"तुमच्यापासूनच? मले तरी कधी दाखवलं काय! उचला न भाऊ आता."

मी उचललं. खाली अब्बांचा चिमटा होता. तोच, बाजारातला. आज तालुक्यातल्या कुठल्याही दुकानात टांगलेला दिसतो तसा. दाते तेवढे तेल लावून चकचकीत ठेवलेले.

तेवढ्यात फाटक वाजलं. कुणीतरी भेटायला आलं होतं. कोण ते पाहायच्या आधीच मी पोतं पुन्हा चिमट्यावर ओढलं.