न पडता आलेली दाढ

आमच्या औराद भागात लेकराचा दात पडला की तो शेणाच्या गोळ्यात घालून पत्र्यावर फेकतात. त्या वेळी घरातलं कुणीतरी हजर असतंच, त्यामुळे कुणाचे किती दात पडले हे साऱ्या घराला ठाऊक असतं. माझी धाकटी मुलगी सात वर्षांची. तिचे वर्षभरात चार दात पत्र्यावर गेले होते, खालचे समोरचे दोन आणि वरचे समोरचे दोन. खालचे दोन्ही परत आले होते. वरचा एक आला होता, दुसऱ्याची जागा रिकामी होती.

गेल्या हिवाळ्यात तिची खालची, उजवीकडची, अगदी मागची दाढ दुखायला लागली. थंड पाणी लागलं की कळ यायची. भाकरीचा घास ती डाव्या गालात ढकलायची. बायकोनं लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून पाहिला. एक दिवस बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बॅटरी लावून पाहिलं तर दाढेच्या मधोमध काळी खाच दिसली.

"दुधाची हाय," माझी आई म्हणाली. "आज न्हाई तर उद्या पडणारच. काढून टाका, लेकरू सुटंल. नवी येती की."

यात कुणालाच शंका आली नाही. मागचा एकही दात पत्र्यावर गेला नव्हता, म्हणजे मागचे सगळे दुधाचेच. हिशोब सरळ होता.

दात काढायला आमच्याकडे मामा. आईचा बराच थोरला भाऊ, चिंताकीला शेती करतो. तीन पिढ्यांच्या लेकरांचे दात त्यानं काढलेत आणि त्याचा त्याला अभिमान आहे. पुढचा हलणारा दात असला तर दोरा, मागचा किडका असला तर उकळत्या पाण्यातून काढलेली पक्कड. रविवारी सकाळी तो मोटारसायकलवरून आला, हरभऱ्याची डहाळी आणि पक्कड घेऊन.

मुलीला त्यानं ओसरीवर उजेडात बसवलं. "तोंड उघड माझे माय. आजा काय चावतो का?"

"मागल्या खेपेला तुमी बोलता बोलता दोरा वढलाव," ती म्हणाली.

"मग? दुखलं का?"

"दुखलं न्हाई. पर फसवलाव."

मामा हसला. बोटानं त्यानं दाढ हलवून पाहिली. पुन्हा हलवली. "हालत न्हाई की ही. रोवल्यासारखी हाय."

"दुधाची हाय ना, हालंल कशी न्हाई?" आई आतून म्हणाली.

मी बॅटरी धरून उभा होतो. आडतीवर माझं काम पोती मोजायचं. समोर रांग दिसली की मी मोजतो, ती सवयच आहे. उघड्या तोंडात दातांची रांग दिसली आणि मी मधल्या दातापासून मोजायला लागलो. खाली उजवीकडे सहा. डावीकडे सहा.

"काय पुटपुटायलास रे?" मामानं विचारलं.

"दात मोजायलोय."

"पोती हायत का ती? सुटीच्या दिवशी तरी मोजणी सोड की."

वर उजवीकडे सहा, डावीकडे पाच आणि एक रिकामी जागा. एकूण तेवीस. पण लेकराचे मूळ दात किती असतात तेच मला माहीत नव्हतं. भावाची चार वर्षांची पोरगी पायरीवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती. तिचा अजून एकही दात पडला नव्हता. तिला जवळ बोलावलं. तोंड उघडायला तिनं गुळाचा खडा मागितला, माझ्या बायकोनं आणखी चार घाटे दिले. तिच्या तोंडात वर दहा, खाली दहा. प्रत्येक बाजूला पाच.

मी तिथंच खाली बसलो. आमच्या मुलीचे चार गेले, तीन आले. विसातला एक कमी, म्हणजे एकोणीस हवेत. भरले तेवीस. चार जास्त. आणि ते चारही एकाच जागी, चारी कोपऱ्यांत, मधून मोजलं तर सहावे. दुखणारी दाढ त्यांतलीच एक.

"मामा, ती पक्कड खाली ठेवा जरा."

"कामून?"

"ह्या पोरीच्या तोंडात ही दाढ न्हाई. आपल्या पोरीच्या तोंडात हाय. मग ही नंतर आलेली हाय. काही न पडताच आलीय."

"न पडता दात येतो व्हय कुठं?" मामा म्हणाला. "आन आला तर येताना सांगत कामून न्हाई?"

बायको मात्र आपल्या तोंडात जीभ फिरवत होती. "आवं, माझी हाय की इथं," ती म्हणाली. "मोठी हाय. लई जुनी." मग मी माझ्या तोंडात बोट घातलं. खाली उजवीकडे सहाव्या जागी माझी दाढ नाही. हे मला काही नवीन नव्हतं. आमच्या घराण्यात तिथला दात टिकत नाही, असंच मी ऐकत आलो होतो. आईचे तर खाली दोन्ही बाजूंचे नाहीत. रंग, उंची जशी वारशानं येते तशी ती खिंडही आली, अशी आमची समजूत.

"माय, तुझ्या त्या दाढा कधी गेल्या?"

आई हात पुसत बाहेर आली. "लहानपणीच. हिच्याएवढीच असंन. दुखायल्या होत्या. दुधाच्या म्हणून काढल्या, त्या आल्याच न्हाईत."

"काढल्या कुणी?"

"हा काय, बसलाय की," तिनं भावाकडं बोट केलं. "तुझी बी यानंच काढली."

मामानं पक्कड खाली ठेवली. मग त्यानं आपल्याच तोंडात बोट घालून चाचपलं. त्याच्या चारही होत्या, तंबाखूनं काळ्या पडलेल्या पण जागेवर.

"तुझ्या कशा राहिल्या रे दादा?" आईनं विचारलं.

"माझ्या काढणार कोण?" तो म्हणाला. हे म्हणताना तो हसला नाही. पक्कड फडक्यात गुंडाळून त्यानं पिशवीत घातली. "बिदरला न्या हिला. उद्याच न्या."

दुसऱ्या दिवशी मी आणि बायको मुलीला घेऊन बिदरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आता एकच प्रश्न होता, दाढ वाचते की नाही. नंबर लागेपर्यंत मामाचा दोनदा फोन आला. "काढली का?" एवढंच विचारायचा.

डॉक्टरांनी दाढेचा एक्स-रे काढला आणि आम्हाला दाखवला. पक्की दाढ होती. सहाव्या वर्षाच्या सुमारास ती दुधाच्या दाढांच्या मागे येते. जबडा मागे वाढतो, तिथं नवी जागा होते, म्हणून तिच्यासाठी काही पडावं लागत नाही. म्हणूनच पुष्कळ घरांत ती दुधाची समजतात. एक्स-रेत तिच्या खाली दुसरा दात नव्हता. शेजारच्या दुधाच्या दाढांखाली मात्र नवे दात वाट पाहत असलेले स्पष्ट दिसत होते. मला ते चित्र सोडवेना. कोणता कधी येणार, मुळं कधी पुरी होणार, खाच इथंच का पडते, मी विचारत गेलो.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "आधी पेशंटला बघू द्या, मग तुमची शाळा घेते."

कीड खोल होती. आतली नस अजून जिवंत दिसते, पण खात्री तीन महिन्यांनी देता येईल, असं त्यांनी सांगितलं. भूल दिली तेव्हा मुलीनं आईचा हात घट्ट धरला. कीड कोरून, खाली औषध लावून त्यांनी दाढ भरली. बाकीच्या तीन दाढांच्या खाचांवर लेप लावला, कारण त्या खाचांत अन्न अडकतं आणि लेकराचा ब्रश इतक्या मागे पोचत नाही. रात्री झोपण्यापूर्वी मोठ्यांनी स्वतः घासून द्यायचं, आणि त्यानंतर बिस्किट नाही. आमच्या घरात रात्री घासायची पद्धतच नव्हती. त्या दिवसापासून ते काम माझ्याकडे आलं. मुलगी कुरकुर करते, मी मागच्या दाढांपासून घासत पुढे येतो.

तीन महिन्यांनी पुन्हा गेलो. डॉक्टरांनी दाढेवर गार बोळा टेकवला. मुलगी "गार लागलं" म्हणाली, आणि बोळा काढताच ते थांबलं. नस जिवंत आहे, दाढ राहील, त्या म्हणाल्या.

घरी आलो तर मामा आधीच येऊन बसला होता. जेवायला बसल्यावर आई नातीच्या समोर बसली. मुलीनं सवयीनं घास डाव्या गालात घेतला.

"तिकडून कामून? उजवीकडून चाव की," आई म्हणाली.

मुलीनं घास उजवीकडे फिरवला. हळू चावला, मग जोरानं. भाकरीचा कडक काठ होता, मोडल्याचा आवाज आला. मामानं ताटावरून वर पाहिलं.

"दुखतंय का?" आईनं विचारलं.

"न्हाई."

"मग सगळी खा," आई म्हणाली, आणि आपली भाकर आमटीत कुस्करायला लागली.