बिनदांडीचा गुलाब

गाडीने जळगाव सोडलं आणि मी भाषणाचे कागद पिशवीतून बाहेर काढले. शेजारी हे होते. त्यांनी लगेच डोळे मिटले.

कॉलेजातली माझी मैत्रीण कुसुम गायकवाड लग्नानंतर नाशिकला असते. तिच्या कॉलनीतल्या हौशी मंडळींनी गुलाबांचं प्रदर्शन भरवलं होतं. 'पुराणातले आणि इतिहासातले गुलाब' या विषयावर बोलायला कुणीच मिळेना, तेव्हा तिला मी आठवले. मी शाळेत इतिहास शिकवते, एवढीच माझी पात्रता.

सराव यांच्यावरच करायचा होता. चाळीसगावच्या आत ग्रीसची प्रेमदेवता जखमी प्रियकराकडे अनवाणी धावली, तिच्या पायांत काटे रुतले आणि पांढरे गुलाब तिच्या रक्ताने लाल झाले. मनमाडला एका रोमन सम्राटाने मेजवानीत छतावरून इतक्या पाकळ्या ओतल्या की पाहुणे गुदमरले, अशी दंतकथा आहे. यांनी डोळे न उघडता विचारलं, "जेवण झालं होतं ना त्यांचं?" पुढे नूरजहाँच्या हौदातलं गुलाबाचं अत्तर यायचं होतं, पण लासलगावला डब्यात कांद्याचा असा काही वास शिरला की ते प्रकरण मला आवरतंच घ्यावं लागलं.

नाशिकरोडला रिक्षा केली. मी रिक्षावाल्याला सांगितलं, "मोगलांच्या काळी तुमच्या गावाला गुलशनाबाद म्हणत. म्हणजे फुलबागांचं शहर."

"आसंल, बाई," तो म्हणाला. "पर आता अंबडला कारखाने झालेत. गुलाब काय, लग्नात नवरदेवाच्या कोटाला दिसतो तेवढाच."

कुसुमचे यजमान अंबडच्याच एका कारखान्यात फोरमन. चहा संपायच्या आत भाऊजींनी आम्हाला गच्चीवर नेलं. सगळीकडे गुलाबाच्या कुंड्या. एक कुंडी मात्र वेगळी ठेवलेली, वर दव पडू नये म्हणून काळी छत्री बांधलेली. खाली गडद लाल, अर्धवट उमललेला एकच गुलाब.

"उद्या सकाळी कापायचा, हातभर दांडी ठेवून," पुन्हापुन्हा पाकळ्यांना हात लावून बघत भाऊजी कुजबुजले, जणू गुलाब झोपला होता. "प्रदर्शनातले परीक्षक आधी दांडी बघतात. दांडी नाही तर फूल बाद."

"मला ताप आला तेव्हा एवढ्या वेळा कपाळाला हात लावला नव्हता यांनी," कुसुम म्हणाली. भाऊजींना ते ऐकू आलं नाही. रात्री तिने मटणाचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी केली होती. आम्ही गुलाब विसरून जेवलो.

सकाळी मी वेणी घालत होते. हे पाठीमागे हात लपवून आले.

"हे घे. भाषणाला जाताना माळ." हातात लाल गुलाब. "काल ती ग्रीसची बाई ऐकली. म्हटलं, आपण लग्न झाल्यापासून एकदाही फूल आणलं नाही."

मला भरून आलं. मग रंग नीट पाहिला. "कुठून तोडला?"

"छत्रीखालून. सगळ्यात चांगला तोच होता."

"आणि दांडी?"

"दांडी कशाला? टोचली असती तुला."

तेवढ्यात गच्चीवरून आरोळी आली. भाऊजी हातात कात्री घेऊन खाली आले. माझ्या हातातलं फूल बघून ते जिन्यातच थांबले.

"ताई, हातभर दांडी होती हो त्याला," ते म्हणाले. घरातलं माणूस गेल्यासारखा आवाज.

"गायकवाडसाहेब, चुकलं माझं," हे गडबडून म्हणाले. "जळगावला गेलो की रोप पाठवतो. केळीचं चालेल?"

कुसुमला हसू फुटलं. हसता हसता ती पायरीवर बसली आणि बघतो तर डोळे पुसत होती. "शेणखताची घमेली मी वर नेते. पाणी मी घालते. इतक्या वर्षांत मला यातली एक पाकळी मिळाली नाही."

भाऊजी वर निघून गेले. रागावले, असं समजून मी बॅग भरायच्या विचारात होते. पण ते परत आले ते पिवळा गुलाब घेऊन. दुसऱ्या गटासाठी राखलेला. दांडी अर्थातच हातभर.

"कापा ती," कुसुम म्हणाली.

भाऊजींनी दांडीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. पुन्हा दांडीकडे पाहिलं. पण कापली.

भाषण बरं झालं. एका आजोबांनी विचारलं, "रामाने पंचवटीत सीतामाईला गुलाब दिला होता का?" जुन्या ग्रंथांतलं शतपत्री म्हणजे गुलाब की कमळ, असं काहीतरी मी सांगू लागले. "वनवासात नवरे जास्त लक्ष देतात," पिवळा गुलाब माळलेली कुसुम पहिल्या रांगेतून म्हणाली, आणि मंडप हसला. बक्षीस एका निवृत्त पोस्टमास्तरांना मिळालं. भाऊजींनी टाळ्या वाजवल्या, जरा सावकाश.

परतीच्या गाडीत मी कागद काढलेच नाहीत. त्या कागदांत राण्यांचे, सम्राटांचे, देवतांचे गुलाब होते. साध्या नवऱ्यांनी साध्या बायकांना दिलेल्या गुलाबांची इतिहासात नोंद का नाही, असा मला आधी प्रश्न पडे. आता वाटतं, नोंद करायची राहून गेली असं नव्हे. मुळात दिलेच कमी असतील.