भावोजींच्या बादल्यांतले लीक

कांद्याला कांदा धरू नये म्हणून जिवाचं रान करणारा माणूस साऱ्या रायगड जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. भावोजी रोह्याला राहतात. कंपनीतून रिटायर झाले, पण शिफ्ट अंगातून गेली नाही. गॅलरीत रंगाच्या रिकाम्या बादल्यांत त्यांनी लीक लावलेत. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा धिप्पाड भाऊच. फक्त खाली गड्डा धरत नाही, नुसता पांढरा दांडा वाढतो. बादल्या सकाळी कठड्याशी उन्हात, ती फर्स्ट शिफ्ट. दुपारी भिंतीच्या सावलीत, ती सेकंड. दांडा पांढरा राहावा म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात पाइपचा तुकडा आणि त्यात चिमटीचिमटीने माती. एकदा मी सहज एक रोप हलवून पाहिलं, तर मी चालू मशीनमध्ये हात घातल्यासारखे भावोजी ओरडले.

निडी गावचे त्यांचे एक शेतकरी मित्र एकदा बादल्यांत डोकावले. "आरं, पात एवढी झाली तरी कांदा कसा धरत नाय? राख घाल थोडी." भावोजी खूश! "नाय धरत ना? हेच आमच्या हिच्यासमोर सांग."

सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता. भावोजींचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ताईने नवस बोलला, हे चालत घरी आले तर जन्मभर कांदा खाणार नाही. ते चालत आले. ताई आमची पेणची, पांढऱ्या कांद्याच्या माळेखाली वाढलेली. भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा नसेल तर तिला जेवल्यासारखं वाटत नसे. आता ती नुसतंच जेवायची, आणि समोर बसलेल्या भावोजींना ते बघवत नसे. नवस-अंगाऱ्यांची त्यांनी आयुष्यभर टिंगल केलेली. "देव काय कांद्याचा व्यापारी हाय?" असं ते विचारायचे. ताई शांतपणे म्हणायची, "तुम्ही हायात ना समोर? मग झालं."

थंडी सरता सरता दांडे तयार झाले. भावोजींनी स्वतः चिरून, परतून भाजी केली. मी तेव्हा तिथेच होतो. "हा कांदा नाय. गड्डा हाय का कुठं, दाखव!" ते म्हणाले. ताईने वास घेतला. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर भूक दिसली. "तुम्ही म्हणता तर नसंल," म्हणत तिने घास उचलला.

घास ओठांशी गेला आणि भावोजींनी तिचा हात धरला.

"नको गो. राहू दे."

हसायचा प्रयत्न करत होते, पण तिचा हात काही सोडत नव्हते. ताईने घास ताटात ठेवला आणि नेहमीसारखी आमटी वाढून घेतली.

लीकचे दांडे आता पिशवी भरून माझ्याकडे पेणला येतात. भाजी झकास होते. तरी पहिला घास उचलताना मी अजून थबकतो, आणि त्या दोघांची फार आठवण येते.