कुथबर्टचं चॉकलेट

कुथबर्ट रेन माझ्या दुकानातून वर्षातून एकदाच चॉकलेट घ्यायचा, आणि तेही खाण्यासाठी नाही. मार्च लागला की दारात उभा राहून म्हणायचा, "हिल्डा, एक दे. जाळायला निघालोय."

उत्तर इंग्लंडातल्या टीस नदीच्या खोऱ्यावरच्या माळाचा तो राखणदार. माळाच्या मालकाचे पाहुणे ऑगस्टात रानकोंबड्यांच्या शिकारीला येतात. कोंबड्यांना हेदरच्या झुडपांचे कोवळे कोंब लागतात, म्हणून जुनी झुडपं दरसाल पट्ट्यापट्ट्यानं जाळायची. जाळण्याआधी कुथबर्ट झुडपांखालच्या शेवाळात चॉकलेट खुपसून ठेवायचा. आग वरून सरसरत निघून जायची. मग तो ते बाहेर काढून कटकन मोडायचा आणि बघ्यांना वाटायचा. "वितळलंय का? बघा ना! खालच्या जमिनीला पत्ताही नाही." लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्यात.

एकच जागा तो सोडून द्यायचा, त्याच्या घरामागचा ओला सखल तुकडा. तिथं घोटे बुडतील एवढं शेवाळ, आणि त्याखाली काळं पीट, म्हणजे कुजून साठलेल्या शेवाळाची माती, दोन पुरुष खोल, पाण्यानं तुडुंब. खालचा झरा त्यातूनच पाझरायचा आणि घरातल्या नळाला पाणी तेवढंच. आधीचा राखणदार, म्हणजे कुथबर्टचा सासरा, तिथं काडी ओढू द्यायचा नाही. नोकरी, घर आणि बायको थर्झा, तिन्ही त्या म्हाताऱ्याकडून मिळालेली. थर्झा त्याच घरात जन्मली होती, आणि मरायचंही तिथंच, असं ती उघड म्हणायची.

एका वर्षी शिकारीला रानकोंबडे कमी पडले. मालकानं फर्मावलं, तो तुकडाही जाळ.

"आणि झरा?" थर्झानं माझ्या दुकानातच त्याला अडवलं.

"अगं, चॉकलेट वितळत नाही, मग पाण्याला काय होतंय?"

"तुझं चॉकलेट घाल चुलीत. मला माझा झरा हवाय."

"नोकरी गेली तर झरा आणि घर दोन्ही जाईल, त्याचं काय?"

थर्झानं पिशवी उचलली. मी गल्ला मोजायला घेतला.

त्यानं जाळलं. चॉकलेट दगडासारखं कडक निघालं. अर्धं त्यानं तिच्यासमोर ठेवलं, तिनं हात लावला नाही.

उन्हाळ्यात वर झुडपांची सावली नव्हती; शेवाळ पांढरं पडलं, मग त्याचा शिळ्या पावासारखा भुगा झाला. शेवाळ गेलं आणि काळं पीट उघडं पडलं. पावसात ते ओघळून झऱ्यात उतरू लागलं. थर्झा नळाला फडकं बांधायची. "आमच्याकडे चहा करावा लागत नाही," ती म्हणायची, "नळातूनच येतो." आधी आम्ही हसायचो. वसंतात सोनचिलखे पक्षी आले, त्या तुकड्यावर घिरट्या घालून निघून गेले. ओल्या मातीतले किडेच उरले नव्हते. पुढं पावसानं ओढ दिली. पीटला भेगा पडल्या, त्यांत माझा हात कोपरापर्यंत गेला. एके सकाळी नळ नुसता खोकला आणि बंद पडला.

बिनपाण्याच्या घरात माणूस कसा ठेवायचा, म्हणत मालकानं त्यांना शहरात दोन खोल्या दिल्या. आणि त्यात स्वतःचा मोठेपणा मानला! मला आजही त्याचा राग येतो. कुथबर्टचा तर जास्तच येतो, कारण तो माणूस वाईट नव्हता.

जायच्या दिवशी, जूनमध्ये, तो सकाळीच दुकानात आला. "हिल्डा, एक दे."

"आता काय जाळायचं राहिलंय रे?"

तो चॉकलेट घेऊन गेला. दुपारी परत आला आणि तीच वडी माझ्यापुढं ठेवली. मी दाबून पाहिली. वेष्टनात सगळं पातळ झालं होतं.

"कुठं ठेवलं होतंस?"

"त्याच जागी. शेवाळ नाही, म्हणून मूठभर काळी माती टाकली वर."

"आणि आग लावलीस?"

"कुठली आग," तो म्हणाला. "नुसतं ऊन होतं."

बाहेर सामानाच्या गाडीत थर्झा त्याची वाट बघत होती. त्यानं ती वडी उचलली आणि तिला दाखवायला घेऊन गेला.