दादाला न सांगितलेली वाट

मी पोलिसात होतो. विहिरीतून काढलेली, झाडावरून उतरवलेली, रेल्वेलाइनवरून गोळा केलेली प्रेतं पाहिली, त्यांच्याशेजारी बसून पंचनामे लिहिले, आणि घरी येऊन जेवलोही. भूत-प्रेत, बाहेरची बाधा, असलं काही कधी मानलं नाही. आजही मानतो असं म्हणवत नाही. गुडघे गेलेत, झोप लागत नाही, म्हणून इथले अनुभव वाचत बसतो. बरेचसे वाचून हसू येतं. पण एक गोष्ट माझ्याच घरातली आहे आणि तिच्यावर मला हसता येत नाही. कोणाला तरी सांगून टाकावी म्हणून लिहितो आहे... पटली नाही तर सोडून द्या.

आमचं गाव आंजी मोठी. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या सडकेवरचं, धाम नदीच्या काठचं. जुनं गाव आहे, मातीची पडकी गढी आहे. आम्हाला तिचं कौतुक नव्हतं, आम्ही तिच्या आडोशाला कडबा ठेवायचो. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. घरात माय, मी आणि माझा मोठा भाऊ वसंता. बाबा आधीच गेलेले. मी त्याला दादा म्हणायचो.

पळणारा खरं म्हणजे दादा. शाळेत असल्यापासून पळायचा. गावाभोवतीच्या वाटा त्यानं पायाखाली घालून ठरवल्या होत्या. जवळचा तो गढीचा फेरा — घरून निघायचं, गढीला वळसा घालून मारोतीच्या देवळामागून नदीकाठानं परत. दुसरी नदीपारची वाट, कपाशीच्या वावरांमधल्या गाडरस्त्यानं. आणि तिसरी, सगळ्यात लांबची, खरांगण्याची सडक. डाव्या मनगटाला दुपट्टा गुंडाळून, तो खांदा जरा खाली टाकून पळायचा. लांबून चालीवरूनच ओळखू यायचा.

मग एका वर्षी कापसानं भरलेली बैलबंडी वर्ध्याला नेताना उतारावर उलटली आणि दादा खाली सापडला. जीव वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून तो ओसरीतल्या खाटेवर. माय त्याचं सगळं करायची. वावर माझ्या अंगावर आलं. दिवसभर डवरणी, पाणी, बैलांची वैरण... आणि तेवढ्यानं तिघांचं भागत नव्हतं, म्हणून पोलीस भरतीची तयारी. दोनदा पळण्यातच मागे पडलो होतो. वय निघून चाललं होतं, पुढची भरती ही शेवटचीच. नोकरी लागली नसती तर दादाचं औषधपाणी कसं झालं असतं, मला माहीत नाही. म्हणून पहाटे पळायचो. आवड म्हणून नाही. रात्रीचा शीण अंगात तसाच असायचा आणि पाय नको म्हणायचे, तरी पळायचो.

आमच्या घरात एक रीत होती, तुमच्याकडेही असेल. निघणाऱ्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारायचं नाही, अपशकुन होतो. त्यामुळे निघणाऱ्यानं स्वतःच सांगायचं, कुठं चाललो ते, आणि 'येतो' म्हणून निघायचं. माय याबाबतीत फार कडक. त्यामुळे रोज पहाटे मी दादाच्या खाटेपाशी थांबून सांगायचो — दादा, गढीचा फेरा मारून येतो. किंवा, सडकेनं जाऊन येतो. तो अर्धवट झोपेत हूं म्हणायचा. मग मी निघायचो.

खरांगण्याच्या अलीकडे सडकेला एक चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बल्ल्या आणि वर टीन. मालक शेषराव, तिकडच्याच गावचा, आमच्या घरची त्याला काही माहिती नव्हती. मी तिथपर्यंत जाऊन पाणी प्यायचो आणि परत फिरायचो. एकदा त्यानं पाण्याचे दोन गिलास पुढं ठेवले. मला वाटलं, मी फार दमलेला दिसलो असेन. दोन्ही प्यालो. दुसऱ्या खेपेलाही दोन. तेव्हा मी विचारलं, तर म्हणाला, तुमच्यासोबतचा तो कधी जवळ येत नाही, सडकेच्या पलीकडेच उभा राहतो, लाजते का काय तो? मी वळून पाहिलं. पलीकडे बाभूळ होती आणि कोणाची तरी एक शेळी होती.

मी शेषरावाची चेष्टा केली. म्हटलं, सकाळी सकाळीच घेतली काय? तो रागावला. उंच आहे म्हणाला, डाव्या हाताले दुपट्टा गुंडाळते, खांदा पाडून पळते.

परत येताना मी किती वेळा मागे पाहिलं ते सांगायला आता लाज वाटते. कोणी नव्हतं. पावलं वाजली नाहीत, थंड वारा आला नाही, अंगावर काटा आला नाही. घाम आला, तो पळल्याचा. शेषरावानं दादाला पूर्वी कधीतरी पळताना पाहिलं असेल आणि आता घोटाळा करत असेल, अशी मी मनाची समजूत काढली. घरी कोणाला बोललो नाही. पण काही दिवसांनी नदीपारच्या वावरात तण निंदायला येणाऱ्या एका बाईनंही तसंच विचारलं. ती माहेरून नवीनच आलेली, आम्हाला न ओळखणारी. तुम्ही दोघं भाऊ भाऊ काय, म्हणाली. मी हो म्हणालो आणि पुढं निघालो. दुसरं काय म्हणणार होतो?

मग माय बोलली. तिनं एका दुपारी मला गोठ्यात बोलावलं. म्हणाली, वसंताची चादर रोज सकाळी घामानं ओली असते, धाप लागलेली असते. आणि त्याचे पाय पाह्य. मी ओसरीत जाऊन पाहिले. दोन वर्षांत जमिनीला न टेकलेले पाय. मधल्या काळात तळवे लहान लेकरासारखे मऊ झाले होते, मीच कितीदा तेल चोळलं होतं. आता टाचांना भेगा होत्या आणि चवड्यांना घट्टे पडले होते. भूक वाढली होती, माझ्यापेक्षा जास्त भाकरी खायचा. आणि तरी वाळत चालला होता. वर्ध्याच्या डॉक्टरनं तपासलं, टॉनिक दिलं, अंथरुणावरच्या माणसाचं असंच असतं म्हणाला. घट्ट्यांबद्दल विचारलं तर माझ्याकडेच नीट पाहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तरी मी मानलं नसतं. पण मग नाल्याचा दिवस आला.

पावसाळ्याचे दिवस होते. मी दादाला सांगितलं, सडकेनं जाऊन येतो. गेलो, तर मधल्या नाल्याच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, पाणी वाहत होतं. मी माघारी फिरलो आणि गावात येऊन गढीचेच फेरे मारले. घरी आलो तर दादा जागा होता. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"काऊन नाई आला?" तो म्हणाला. "मी नाल्यापल्याड उभा होतो ना. लय वाट पाह्यली तुही."

मी खाली बसलो. तो शांतपणे बोलत होता, स्वप्न सांगावं तसं. म्हणाला, तू वाट सांगितली की मला झोप लागते आणि मी त्या वाटेनं असतो. पाय असतात. तू पुढं असतो, मी मागं. तू परत फिरला की मी खाटेवर येतो. "तू 'येतो' म्हणतो ना," तो म्हणाला, "त्याच्याच भरवशावर मी वापस येतो."

पाणी उतरल्यावर मी शेषरावाकडे गेलो. मी विचारायच्या आधी त्यानंच सांगितलं की त्या दिवशी तुमचा सोबती एकटाच आला होता, पाण्यातून आला, आणि फार वेळ सडकेकडे तोंड करून उभा होता. बोलावलं तर बोलला नाही.

आता तुम्हीच सांगा मी काय करायला हवं होतं. पळणं सोडलं असतं तर नोकरी गेली, म्हणजे सगळंच गेलं. पळत राहिलो तर भाऊ डोळ्यांदेखत झिजत होता. आणि गंमत ही की तो खूश होता. बंडी उलटल्यापासून त्याला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी विचारायचा, उद्या नदीपार जाऊ ना? मला अक्षरशः रडू यायचं.

भरतीचा दिवस आला. ती वर्ध्याच्या ग्राउंडवर होती, पहाटेच्या एस.टी.नं निघायचं होतं. आदल्या संध्याकाळी माय चुलीपाशी बसली होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "उद्या त्याले सांगू नको बापा. उद्या तू जीव तोडून पळशीन. त्याच्यात तेवढा जीव नाई राह्यला."

मला ते पटलं. आम्हाला दोघांनाही वाटलं, सांगितलं नाही तर तो झोपून राहील. एवढा साधा हिशोब होता आमचा.

पहाटे चपला हातात घेऊन ओसरीतून निघालो. दादा जागा होता. मी नुसतं म्हटलं, येतो.

"कुठं चालला?" दादानं विचारलं.

आमच्या घरात मी तो शब्द निघणाऱ्या माणसाला विचारलेला पहिल्यांदाच ऐकला. मायनं आतून कपाळावर हात मारून घेतल्याचा आवाज आला. मी उत्तर दिलं नाही. फाट्यावर जाऊन एस.टी.त बसलो.

ग्राउंडवर पळालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला जाणवलं की मी एकटा पळतो आहे. म्हणजे त्याआधी सोबत जाणवत होती असं नाही, पण त्या दिवशी ती नव्हती हे मात्र कळलं. हे मला यापेक्षा नीट सांगता येत नाही. शेवटच्या चक्करला डोळ्यांपुढं अंधारी आली. तरी निभावलं. निवड झाली.

सांजेच्या गाडीनं घरी आलो तर माय ओसरीत दादाच्या पायांशी बसली होती, हळद लावत होती. दोन्ही तळवे फुटले होते. ओठ सुकून चिरले होते. दादानं डोळे उघडले.

"सगळ्या वाटा पाह्यल्या रे," तो म्हणाला. "गढीवर पाह्यलं, नदीपार पाह्यलं, सडकेनं पार खरांगण्याच्या पुढं गेलतो. तू कुठंच नाई दिसला. मले वाटलं, तुह्या जिवाचं काही झालं."

मी सांगितलं, वर्ध्याला होतो. भरतीला. त्यानं विचारलं, झालं का काम? मी हो म्हणालो. त्यानं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाला, "चांगलं झालं. पण सांगत जाय. न सांगता जाऊ नको."

शेषराव पुढं भेटला तेव्हा म्हणाला की त्या दिवशी तो सोबती दिवस वर येईपर्यंत सडकेनं जात होता, येत होता, जात होता. काय हरवलं म्हणून विचारलं तरी थांबला नाही. मी शेषरावाला खरं काय ते कधीच सांगितलं नाही.

पुढं ट्रेनिंगला लांब गेलो. तिथं रोज पहाटे बराकीच्या दारात उभं राहून हळूच म्हणायचो — दादा, ग्राउंडला चाललो, येतो. पोरं हसायची, पुजारी म्हणायची. सुटीत घरी आलो तेव्हा माय म्हणाली, हा सकाळी उठून सांगते, आज सुधानं, म्हणजे मी, इतके चक्कर मारले, आज त्याले उस्तादानं रगडलं. ते सगळं बरोबर होतं. पण त्याचे पाय भरून आले नाहीत. त्या एका दिवसात जे खर्ची पडलं ते परत आलंच नाही. हिवाळ्यात एका सकाळी तो उठला नाही. मी तेव्हा ग्राउंडवर पळत होतो, सांगून निघालो होतो. एवढंच समाधान आहे, आणि तेही पुरत नाही.

तेराव्यानंतर मायनं त्याचं अंथरूण नदीवर सोडलं आणि खाट देऊन टाकली. आमच्याकडे मेलेल्या माणसाची खाट ठेवत नाहीत.

आता माय नाही, शेषरावाचं हॉटेल नाही, सडक रुंद झाली. मी डॉक्टरांना विचारून पाहिलं, एका शिकलेल्या साधूलाही विचारलं. प्रत्येकानं काहीतरी सांगितलं, पण टाचांच्या भेगांबद्दल कोणी काही सांगू शकलं नाही. मलाही सांगता येत नाही. आता पळणं तर सोडाच, सकाळी काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जातो. कोणी मला 'तुम्ही दोघं' म्हणत नाही. तरी निघताना रिकाम्या ओसरीत उभा राहून सांगतो — दादा, कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. सून ऐकते आणि माझ्यामागं दार लोटून घेते.

न सांगून कसं चालेल? तो पुन्हा सगळ्या वाटा शोधत फिरेल, आणि आता त्याला परत यायला खाटही नाही.