मिठूचं पोट कुणी बिघडवलं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. इथे सिल्वासात, आमलीत मला अजून ‘पोपटवाल्या बाई’ म्हणतात. कुणाचं पाखरू मलूल झालं की पिंजरा घेऊन माझ्या दारात येतात. मी बघते, सांगते, बरीचशी बरी होतात. याचा मला अभिमान आहे — खोटं कशाला बोलू? पण ही ओळख जिथून सुरू झाली, तिथलं मी सांगत आले ते सगळं खरं नाही.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. मी कोकणातून सिल्वासाच्या मराठी शाळेत शिक्षिका म्हणून आले. चोवीस वर्षांची होते, लग्न व्हायचं होतं, आमलीत एका चाळीत खोली घेऊन एकटी राहायची. भिंतीपलीकडे रमेशभाऊंचं बिऱ्हाड, धुळ्याकडचं. ते खडोलीला सूत कारखान्यात पाळीवर जायचे. घरात लतावहिनी आणि रमेशभाऊंची आई. आजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. इथली गुजराती त्यांना कळेना, मग बोलायचं कुणाशी? दिवसभर ओट्यावर पोपटाच्या पिंजऱ्याला टेकून बसायच्या आणि मिठूशी अहिराणीत बोलायच्या. तोही मान वाकडी करून ऐकायचा.

एकदा रमेशभाऊ आणि वहिनी गावी लग्नाला गेले, आठ दिवसांसाठी. आजींना प्रवास झेपत नव्हता, म्हणून आजी आणि मिठू दोघांनाही माझ्यावर सोपवून गेले.

पाचव्या दिवशी सकाळी मिठू दांडीवर नव्हता. पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. मधेच मान झटकायचा आणि खाल्लेलं उलटून यायचं — डोक्यावरची पिसं चिकट झाली होती. खालच्या कागदावर घट्ट शीट नव्हती, नुसतं हिरवट पाणी. शेपटीखालची पिसं बरबटलेली. गळ्याखाली बोट लावलं तर खाणं साठायची पिशवी मऊ कणकेसारखी फुगलेली, आणि चोचीला आंबूस वास. मला कुणी शिकवलेलं नव्हतं, पण हे सर्दी-बिर्दी नाही, पोटाचं आहे, एवढं मी ओळखलं. शाळेत निरोप धाडला, पिंजरा मांडीवर घेतला आणि रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टर गाई-म्हशींचे. पण त्यांनी मिठूला हातात असं धरलं की तो चावलासुद्धा नाही. विचारलं, काय खायला घातलंत? त्यावर मी काय बोलले ते — थांबा, सांगते. आधी तो जगला, हे सांगू द्या.

डॉक्टरांनी बारीक नळीनं कोमट पाणी घालून ती पिशवी धुऊन काढली. थेंबाचं औषध दिलं. पाखराला दूध पचत नाही, गोड तर पोटात आंबतं, म्हणाले. ऊब द्या, सांगितलं. मी पिंजरा तीन बाजूंनी चादरीनं झाकला, चौथ्या बाजूला बल्ब लावला. दिवसातून चार वेळा थेंब, आणि सकाळ-संध्याकाळ नवा कागद. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो तळावरून उठला, जाळीला चोच लावत लावत दांडीवर चढला आणि एक बी फोडली. टक्! मी ओट्यावर उभी राहून रडले. सगळी चाळ जमली. गावाहून परतल्यावर रमेशभाऊंनी मला हात जोडले. त्या दिवसापासून मी ‘पोपटवाल्या बाई’.

आता ते.

दूध-बिस्किट मीच घातलं होतं. गोड बिस्किट दुधात कालवून, चार दिवस, सकाळ-संध्याकाळ. वहिनी बजावून गेल्या होत्या — पेरू, मिरची, भिजवलेली डाळ, बाकी काही नाही. पण बिस्किट दिसलं की तो आजींकडे पाठ करून माझ्याकडे यायचा. आजी हाका मारत राहायच्या. मला ते आवडायचं — आवडायचंच. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, “घरात एक म्हाताऱ्या बाई आहेत. त्यांना दिसत नाही. त्यांनीच काहीतरी घातलं असेल.”

हेच रमेशभाऊंनाही सांगितलं. ते आईवर ओरडले नाहीत. पिंजरा फक्त ओट्यावरून आत नेला आणि उंच आकड्याला टांगला. आजी एकदाच म्हणाल्या, मी कधी घातलं? मग, “घातलं असेल बा. मला आठवत नाही.”

तेव्हा बोलता आलं असतं. नाही बोलले.

सात वर्षं गेली. माझं लग्न झालं, आम्ही त्याच चाळीत राहिलो. मी रोज मिठूचा कागद बघायला जायची, आजी दारात बसलेल्या असायच्या. एका भाद्रपदात सकाळी मी कागद बघितला, ठीक आहे म्हणाले आणि निघाले. आजींनी हाक मारली.

“बाई, मिठूनं पोट बिघडेल शे.”

मिठूचं पोट बिघडलंय हे तुम्हाला कसं कळलं, मी विचारलं. म्हणाल्या, कालपासून टरफल पडल्याचा आवाज नाही. बी उचलतो आणि टाकून देतो. मी पिंजरा खाली घेतला, गळ्याला बोट लावलं. तीच मऊ फुगलेली पिशवी. वाटीत तळाला भिजवलेले हरभरे आंबलेले, वर ताजे घातलेले. या वेळी रिक्षात आजींनाही घेतलं. मिठू सबंध रस्ता त्यांच्या मांडीवर होता. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर हाती लागला नसता.

चार दिवसांनी तो पुन्हा बी फोडायला लागला. चाळ पुन्हा जमली, आणि सगळ्यांसमोर मी म्हणाले, “माझे डोळे चुकले, आजींचे कान चुकले नाहीत. आजपासून मिठूचं खाणं त्यांच्या हाती.” रमेशभाऊंनी पिंजरा ओट्यावर आणून ठेवला. आजींनी जाळीतून बोट आत घातलं. मिठूनं ते चोचीत धरलं आणि सोडेचना. काय हसल्या त्या! तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पुढची तीन वर्षं मिठूला त्याच चारत होत्या, आणि तो एकदाही आजारी पडला नाही.

त्या दिवशी माझा हात धरून त्या सगळ्यांना सांगत होत्या, या बाईनं माझ्या मिठूला दोनदा वाचवलं. पहिल्यांदा तर माझ्याच चुकीतून. मी ऐकून घेतलं. चेहरा आनंदी ठेवला. आनंद खराच होता.

आजी गेल्या तेव्हाही त्यांना असंच वाटत होतं की एकदा आपल्या हातून मिठू मरता मरता राहिला. तसं नव्हतं. ते मी केलं होतं.