करडे टॉवेल, हळदीचं लग्न

माझ्या आदर्शवादामुळे माळशिरसचं एक लग्न सुतकात बुडता बुडता वाचलं. हसताय काय? चहा संपवा, सांगते!

मी जर्मनीत शिकून सोलापूरला परतले, ती इंटरनेट शुद्ध करायचं ठरवूनच. पहिला बळी काकांच्या टॉवेल कारखान्यातला कॉम्प्युटर. त्यावर मी एक प्रायोगिक ब्राउझर बसवला. त्याला बटणं नाहीत, मेनू नाही, पत्ता लिहायची पट्टीसुद्धा नाही! सेटिंग एका साध्या फाइलमध्ये हाताने लिहायचं. मी भक्तिभावाने लिहिलं: जाहिराती बंद, उड्या मारणारी चित्रं बंद, रंग बंद.

काका स्क्रीनभोवती मान फिरवत म्हणाले, "बाळा, ह्यात आत शिरायचं कुठून?"

"कीबोर्डवरून, काका!"

"बरं की." माझा उत्साह मोडायचा नाही, हे त्यांचं व्रतच.

त्याच आठवड्यात माळशिरसच्या एका बागायतदारांची, आबासाहेबांची, मेल आली. मुलीच्या लग्नात आहेराला टॉवेल हवे होते. सोबत फोटो आणि एकच ओळ: असेच पाहिजेत.

काकांनी स्क्रीनवर फोटो पाहिला. "लग्नाला करडा रंग? फोन करून विचारू का?"

"अहो काका, लोक किती पुढे गेलेत बघा! साधेपणा आवडतो त्यांना. उगाच विचारून लाजवू नका."

मी बोलले, आणि त्यांनी ऐकलं! करडं सूत मागावर चढलं.

आता आमची पद्धत अशी, की नव्या ऑर्डरचा पहिला टॉवेल काकू देवापुढे ठेवते, मगच बाकीचा माल विणायचा. काकूचं माहेर अक्कलकोटचं, घाबरली की तिच्या तोंडून कानडीच निघतं. टॉवेल बघताच तिने हात मागे घेतला.

"अय्यय्यो! कोण गेलं?"

"कोणी नाही गं, लग्नाचा आहे."

"वैऱ्याच्या लग्नाचा? मी नाही ठेवायची हा देवापुढं. लाव फोन त्यांना!"

फोन मीच लावला, स्पीकरवर.

"करडा?" आबासाहेब ओरडले. "ओ ताई, हळदीवानी पिवळा हाय की त्यो! लाल काठाचा! डोळं आलेत व्हय तुमचं?"

मी धावत जाऊन फाइल उघडली. 'रंग बंद' केल्याने पानांची रंगरंगोटी जाईल, एवढंच मला वाटलं होतं. फोटोतली हळदही गेली होती! ती ओळ खोडली आणि स्क्रीनवर असा पिवळाधमक टॉवेल उगवला, की मला टेबलाखाली जावंसं वाटलं.

सगळा माल तसा विणला असता तर? लग्न तोंडावर आलेलं, काकांना माळशिरसात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

पण काका एवढंच म्हणाले, "एक टॉवेल गेला, जाऊ दे." आणि काकूने मला रडू फुटायच्या आत शेंगापोळी वाढली. सांगा, अशी माणसं मला जर्मनीत मिळाली असती?

मी आबासाहेबांना सगळं खरं सांगून माफी मागितली. पलीकडे कितीतरी वेळ नुसतं हसणं. मग ते काकांना म्हणाले, "पोरीला लग्नाला घिऊन याच. लई खरी हाय. फकस्त फोटो काढणाऱ्याच्या जवळ बसवू नका, न्हायतर आमचं लगीन बी लोकांना दहावा वाटायचा!"